आजोबांची फाईल आणि अर्धा र

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आज्जीनं कपाटातल्या साड्यांच्या घड्यांखालून एक सीडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. तिच्यावर आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आठवणी – २००३'.

आजोबा प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन दोनशेपानी वह्या भरून आठवणी लिहिल्या आणि तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातून त्या टाईप करून आणल्या. पुस्तक काढायचं होतं, ते राहून गेलं. पुढे वह्यांना वाळवी लागली. आजोबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. उरली ती ही सीडी, आणि ट्रंकेत सापडलेली प्रुफाची चार पानं.

"तू काम्प्युटरचा इंजिनेर न्हवं? मग त्यांनी ह्यात माझ्याबद्दल काय लिवलंय तेवढं वाचून दाव," आज्जी म्हणाली.

घरात सीडी ड्राइव्ह असलेला एकही लॅपटॉप नव्हता. पुण्याला परत आल्यावर मित्राकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडीवर वर्डची एकच फाईल होती, आणि ती उघडली. पण आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. डोक्यावर टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं, मधेच डॉलर, मधेच टक्क्याचं चिन्ह, पुन्हा एक उलटा प्रश्नचिन्ह. अशी पानंच्या पानं.

तुमच्या घरीही अशी एखादी फाईल असेल. आईचा जुना बायोडेटा, काकांचा कवितासंग्रह, सोसायटीची घटना, एखादी लग्नपत्रिका. अशी फाईल मिळाली की आपण म्हणतो, "करप्ट झालीये." आजोबांची फाईल करप्ट झाली नव्हती. त्यातला प्रत्येक आकडा २००३ साली होता तिथेच होता. मग मराठी गेली कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जो इतिहास वाचावा लागला, त्याची ही गोष्ट.

आकडा आणि चेहरा

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून कुणीतरी आधी ठरवावं लागतं की कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर. अमेरिकेत १९६३ साली असं एक कोष्टक ठरलं, त्याचं नाव आस्की. त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजीतलं मोठं ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. फाईलमध्ये साठतो तो ६५ हा आकडा. स्क्रीनवर दाखवायची वेळ आली की मशीन फॉन्टला विचारतं, "६५चं चित्र कसं आहे?" फॉन्ट बदलला की चित्र बदलतं, पण आकडा तोच राहतो. म्हणजे आकडा ही अक्षराची ओळख आणि फॉन्ट हा त्याचा चेहरा.

पुढे एका अक्षराला आठ बिटांचा बाइट देण्याची पद्धत पडली आणि जागा २५६ झाल्या. वरच्या १२८ जागांत फ्रेंच, जर्मन वगैरे भाषांची टोपीवाली अक्षरं बसवली गेली.

आता देवनागरीचं काय? आपली मूळ अक्षरं आणि चिन्हं मोजली तर ती शंभराच्या आत बसतात. पण कागदावर दिसणारे आकार मोजायला गेलात तर संख्या कितीतरी पट होते. क्ष, त्र, श्र, द्ध, ह्म, वर रफार, खाली उकार, शिवाय अर्धी अक्षरं. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात हीच अडचण होती. मराठी जुळाऱ्याला इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा खूपच जास्त खिळे हाताळावे लागत. 'केसरी'ची छपाई सोपी व्हावी म्हणून खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत खुद्द लोकमान्य टिळक पडले होते. पुढे टाईपरायटर आला तेव्हा त्याच्या चाळीसपंचेचाळीस कळांवर देवनागरी बसवायला अक्षरांचे तुकडे करावे लागले. अर्धा 'ख' मारायचा, मग काना मारायचा, की पूर्ण 'ख' होतो. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते.

कॉम्प्युटर आला तेव्हा आपल्यासमोर दोन रस्ते होते. एक टाईपरायटरचा: दिसणारे तुकडे साठवायचे. दुसरा: अक्षराची ओळख साठवायची आणि चेहरा जुळवायचं काम मशीनवर सोडायचं.

उत्तर पुण्यातच होतं

मला वाटायचं की दुसरा रस्ता आपल्याला परदेशातल्या कंपन्यांनी दाखवला. तसं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी एक टर्मिनल तयार झालं. त्या कामाचं नाव जिस्ट, आणि त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिकडे आलं. परम महासंगणकासाठी आपण ज्या संस्थेचं नाव पाठ करतो, तीच ही संस्था.

या कामातून इस्की नावाचं कोष्टक आलं. १९८८ साली त्याचा एक मसुदा प्रसिद्ध झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ते राष्ट्रीय मानक केलं. त्याची कल्पना अशी: खालच्या १२८ जागा आस्कीला, म्हणजे इंग्रजीला तशाच ठेवायच्या आणि वरच्या जागांत आपली अक्षरं बसवायची. पण आकार बसवायचे नाहीत, फक्त मूळ अक्षरं बसवायची. क म्हणजे १७९. 'त्र' साठी वेगळी जागा नाही. त, मग पाय मोडल्याची खूण, मग र, असे तीन आकडे. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी, कारण आपण बोलतोही त्याच क्रमानं. वेलांटी उचलून क च्या आधी नेऊन ठेवणं हे मशीनचं काम.

याची आणखी एक गंमत म्हणजे भारतीय लिप्या ब्राह्मीतून निघाल्या आहेत, त्यामुळे त्यांची वर्णमाला जवळपास सारखीच आहे. म्हणून इस्कीत देवनागरीचा क, बंगालीचा क आणि तेलुगूचा क या सगळ्यांचा आकडा १७९च. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसणार. स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ साली ठरला, त्याच्यामागेही हाच विचार होता.

म्हणजे १९९१ साली शास्त्रशुद्ध उत्तर तयार होतं. मग २००३ साली आजोबांची फाईल त्यात का टाईप झाली नाही?

इंग्रजीचा मुखवटा

जिस्टचं कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसवावं लागे आणि ते डॉसच्या अक्षरी स्क्रीनसाठी बनलं होतं. त्याच सुमारास छपाईच्या धंद्यात वेगळीच क्रांती झाली. १९८५ मध्ये पेजमेकर आलं, आणि लेझर प्रिंटरच्या जोडीनं त्यातून डीटीपी जन्माला आलं. मग विंडोज पसरलं. छापखानेवाल्याला हवी होती सुंदर पत्रिका, तीही आज संध्याकाळपर्यंत. फाईलच्या आत कुठला आकडा साठतो याच्याशी त्याला काय देणंघेणं?

पेजमेकरला, वर्डला मराठी येत नव्हती. मग एक जुगाड निघाला. कॉम्प्युटरला सांगायचंच नाही की ही मराठी आहे. एक फॉन्ट बनवायचा, त्यात ६५ या जागेवर ए चं चित्र काढून टाकायचं आणि तिथे देवनागरीचा एखादा तुकडा काढायचा. १२८ च्या पुढच्या टोपीवाल्या अक्षरांच्या जागांवर उरलेले तुकडे बसवायचे. मशीनच्या दृष्टीनं तुम्ही निरर्थक इंग्रजी टाईप करताय, पण कागदावर सुरेख मराठी उमटते.

या जुगाडाला नावं ठेवणं सोपं आहे. पण महाराष्ट्रातल्या शेकडो डीटीपीवाल्यांचं घर त्यावर चाललं. ज्यांनी मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा दिली होती, त्यांची बोटं टाईपरायटरच्या तुकड्यांना सरावलेली होती. नवे फॉन्टही त्याच सवयीनं चालायचे. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी या नावांवर नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकांतली दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, गाइडं, निवडणुकीची पत्रकं उभी राहिली.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली, प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं. एका फॉन्टमध्ये जिथे अर्धा 'म', दुसऱ्यात तिथे रफार. दुसरी, आणि ही जास्त खोल: फाईलमध्ये मराठी कधीच साठली नाही. फाईलमध्ये साठला तो मुखवटा, मराठी फक्त फॉन्टमध्ये होती. फॉन्ट गेला की मराठी गेली.

आजोबांच्या फाईलचं हेच झालं होतं. फॉन्टचं नाव फाईलमध्ये दिसत होतं, पण तो फॉन्ट मला कुठेही मिळाला नाही. नावाजलेल्या फॉन्टसाठी नेटवर कन्व्हर्टर आहेत. हा त्यांच्यात नव्हता. टाईप करून देणारं दुकान बंद होऊन तिथे आता मोबाईल रिपेअरिंग आहे.

तेव्हा आपल्या खिशात काय चाललं होतं?

हा सगळा दोष डीटीपीवाल्यांच्या माथी मारण्याआधी आपण आपलेच जुने मेसेज आठवू. शाळेत असताना पहिल्यांदा मोबाईल हातात आला तेव्हा मी मराठी कशी लिहायचो? इंग्रजी अक्षरांत. 'काय करतोयस' हे रोमन लिपीत. तुमच्यापैकी बरेच जण आजही तेच करत असतील.

याचंही कारण जुन्या कोष्टकात आहे. १९८५ साली जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट या इंजिनिअरनं टाईपरायटरवर सहज सुचतील अशी वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि एका मेसेजला १६० अक्षरं पुरतील असा अंदाज बांधला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिटं. इंग्रजी अक्षराला सात बिटं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी लिहायची तर प्रत्येक चिन्हाला सोळा बिटं, म्हणून फक्त ७०. त्यात 'ज्ञानेश्वर' हा एक शब्द दहा जागा खातो, कारण जोडाक्षरातली पाय मोडायची खूण आणि काना-मात्राही मोजली जाते. म्हणजे तेच बोलणं मराठी लिपीत लिहिलं की दोन मेसेजचे पैसे. शिवाय समोरच्याच्या हँडसेटमध्ये मराठी नसली तर त्याला नुसते चौकोन दिसणार.

डीटीपीवाला मराठीला इंग्रजीचा मुखवटा घालत होता आणि आपण मराठीला इंग्रजीचे कपडे घालत होतो. दोघांचंही कारण एकच. यंत्रं दुसऱ्या भाषेच्या मापानं शिवलेली होती.

सगळ्यांना एकच कोष्टक

१९८८ मध्ये झेरॉक्समधल्या जो बेकर यांनी एक प्रस्ताव मांडला: जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच कोष्टक. त्याचं नाव युनिकोड. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. ती कुठून आली? १९८८च्या इस्कीवरून. अक्षरांचा क्रम, बोलण्याच्या क्रमानं साठवायची पद्धत, पाय मोडायची खूण, सगळं तिथलंच. आज तुमच्या फोनमध्ये क म्हणजे २३२५. त्याच्या मागेपुढे जी अक्षरांची रांग आहे ती बहुतांशी कानपूर-पुण्याच्या कामातून आलेली आहे. व्हॉट्सॲपवर 'शुभ सकाळ' आलं की मला आता ते आठवतं.

पण कोष्टक असणं आणि ते वापरता येणं यांत बरीच वर्षं गेली. वेलांटी मागे नेणारं, रफार वर चढवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनमध्ये असायला हवं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मंगल नावाच्या फॉन्टसह. त्यानंतरच्या एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. तालुक्याच्या दुकानदाराला हे कोण सांगणार? त्याच्याकडे चालणारा फॉन्ट होता. म्हणून २००३ साली, युनिकोड येऊन बारा वर्षं झाल्यावरही, आजोबांची फाईल मुखवट्यातच टाईप झाली.

चार पानांवरून

मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. प्रुफाची चार छापील पानं घेतली, फाईलची पहिली चार पानं शेजारी ठेवली आणि एकेक चिन्ह जुळवत गेलो. हे टोपीवालं ए म्हणजे काना. हा डॉलर म्हणजे अर्धा स. तीन संध्याकाळी गेल्या, पण तक्ता झाला.

नुसता तक्ता पुरत नाही. 'स्थिती' हा शब्द फाईलमध्ये वेलांटीनं सुरू होतो. ती वेलांटी अर्धा स ओलांडून, थ ओलांडून, मागे ठेवावी लागते. 'मूर्ती'मधला रफार फाईलमध्ये शेवटी आहे. तो त च्या आधी आणावा लागतो. त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. चौथ्या रात्री तो चालवला आणि एकशे बारा पानं मराठी झाली. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. १९७२चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी, एकशिक्षकी शाळा.

एक गोष्ट खटकत होती. 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसर्या' असं दिसत होतं. पण नेटवर अर्धी मराठी अशीच दिसते, म्हणून मी ते सोडून दिलं.

तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र मराठीला पावलोपावली लागतो. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही. आपलं अडतं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. युनिकोडनं त्याची सोय केली आहे, आणि तीही दोन प्रकारे. एक, र च्या शेजारी २३५३ वर बसलेला, खाली टिंब असलेला ऱ वापरायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साध्या र चा पाय मोडून पुढे एक जोडचिन्ह टाकायचं, जे असतं पण दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण सर्चमध्ये एक लिहून दुसरा सापडेलच असं नाही. 'ॲ'चंही तसंच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून भागवत होते. त्यामुळे आजही 'ॲप' शोधलं की जुना 'अॅप' निसटू शकतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी 'दुसर्या'कडे दुर्लक्ष केलं.

आचारी

पुढच्या शनिवारी गावी गेलो. आज्जी ओट्यावर बसली होती. मी फोन काढला आणि तिच्याबद्दलचा मजकूर वाचायला लागलो. आजोबांच्या धाकट्या बहिणीचं लग्न, दुष्काळाच्या वर्षातलं.

"त्या साली आचार्यांना द्यायला पैसे नव्हते," मी वाचलं.

आज्जीनं मला थांबवलं. "आचार्य कुठनं आणलास रं मधीच?"

"तसंच लिहिलंय आज्जी. लग्न लावणारे गुरुजी असतील."

"गुर्जी न्हवं. आचारी! सैपाकाला मानूस लावाय पैसं नव्हतं."

आचार्यांना आणि आचाऱ्यांना. मी खाली वाचत गेलो. शे-सव्वाशे माणसांचा स्वयंपाक तिनं आणि थोरल्या वहिनींनी दोन रात्री जागून केला, असं पुढे होतं. शेवटची पंगत उठली तेव्हा तिच्यासाठी भात उरला नव्हता. 'हे मला दुसऱ्या दिवशी कळले,' आजोबांनी लिहिलं होतं, 'पण मी तिला तसे कधी बोललो नाही.'

आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "म्हंजे ठावं होतं त्यास्नी."

पन्नास वर्षं तिला वाटत होतं की त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांनी ते लिहून ठेवलं होतं, आणि ते वीस वर्षं तिच्याच कपाटात, साड्यांखाली, इंग्रजीच्या मुखवट्यात पडून होतं.

तुमच्या घरी अशी सीडी असेल, फ्लॉपी असेल, जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क माळ्यावर असेल, तर ती बाहेर काढा. त्याच मजकुराचा एखादा छापील कागद असला तर तो आधी जपून ठेवा. माझी गाडी त्या चार पानांवरच चालली. आणि तक्ता बनवाल तेव्हा शेजारी ते वाचू शकणारं, त्या काळातलं एक माणूस बसवा. माझ्या प्रोग्रॅमला आचारी कळला नव्हता, तो आज्जीला कळला.

रात्री तक्ता उघडला. चार पानांची ती छपाई फिकी होती, त्यामुळे दोन वेगळ्या चिन्हांसमोर मी एकच आकडा लिहिला होता. रफारासमोर २३५२, आणि त्या पापणीसमोरही २३५२. दुसऱ्या ठिकाणी २३५३ केलं आणि एकशे बारा पानं पुन्हा काढली.